पावती मागितली होतीस का?

माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र गेल्या महिन्यात सांगलीहून बँकॉकला आले होते. चौघेही पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेले. तिसऱ्या रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "मावशी, आम्हाला पोलिसांनी लुटलं." आवाज रडवेला होता. रस्त्यात नाकाबंदी होती, टॅक्सी थांबवली, खिसे तपासले, एका मित्राच्या खिशात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडली. मग मोडक्या इंग्रजीत दहा-पंधरा मिनिटं बोलाचाली झाली, ठाण्यात नेण्याची भीती घातली गेली आणि शेवटी सहा हजार बाथ देऊन सुटका झाली. आपले सोळा हजार रुपये तरी.

मी विचारलं, "पावती दिली?"
"नाही."
"मागितली होतीस का?"
तो गप्प झाला.

घरी पोचल्यावर त्याने इथेच फेसबुकवर लिहिलं. थाई पोलीस चोर आहेत, थाई लोकांचं हसू खोटं आहे, पैशासाठी सगळं चालतं, कुणी जाऊ नका. शेकडो लोकांनी लाइक केलं. खाली आमच्याच नात्यातल्या दोघातिघांनी थायलंडच्या बायकांवरून नेहमीचे विनोद टाकले. मी या शहरात दहा वर्षं राहते. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी भाच्याच्या बाजूचं बोलते, कारण त्याच्यावर अन्याय झालाच. पावतीशिवाय घेतलेला पैसा सरकारी तिजोरीत जात नाही. जानेवारी २०२३ मध्ये तैवानची एक अभिनेत्री अशाच रात्रीच्या नाकाबंदीत अडकली होती. तिच्या गटाकडून सत्तावीस हजार बाथ उकळले गेले आणि तिथेही विषय ई-सिगारेटचाच होता. सुरुवातीला 'असं काही घडलंच नाही' म्हणून सांगितलं गेलं. पुढे ते मान्य करावं लागलं, पोलिसांवर कारवाई झाली. म्हणजे हे प्रकार होतात.

पण व्हेप इथे बेकायदा आहे, हेही तितकंच खरं. २०१४ पासून ई-सिगारेट आयात करायला बंदी आहे आणि नुसती जवळ बाळगली तरी खटला होऊ शकतो. हॉटेल शोधायला तासन् तास घालवणाऱ्या मुलांनी ही एक गोष्ट वाचली नव्हती. बाजारात उघड विकतात म्हणून चालत असेल, असा त्यांचा समज. आणि हाच समज पैसे घेणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. चूक करणारा घाबरलेला असतो, त्याचं परतीचं विमान दोन दिवसांवर असतं आणि तो कधीच तक्रार करायला परत येणार नसतो.

मी हे सगळं आमच्या सोईच्या तोंडाशी उभ्या असणाऱ्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याला सांगितलं. सोई म्हणजे गल्ली. इथे प्रत्येक मोठ्या गल्लीच्या तोंडाशी केशरी जॅकेट घातलेले हे लोक बसलेले असतात, त्यांच्या थांब्याला 'विन' म्हणतात. स्कायट्रेनच्या स्टेशनापासून घरापर्यंतचा दीड किलोमीटर मी रोज यांच्याच मागे बसून येते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचा मुलगा एकदा पैसे देतो आणि घरी जाऊन रागावतो. आम्हाला उद्या पुन्हा इथेच उभं राहायचं असतं." एवढंच बोलला आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं.

तेव्हापासून मला आमच्या परदेशी लोकांच्या तक्रारी वेगळ्या ऐकू येतात. इथे एक थाई शब्द आहे, 'सुआय'. जुन्या काळी राजाला द्यायची खंडणी, कर. आज त्याचा अर्थ पोलिसाला किंवा अधिकाऱ्याला दर महिन्याला पोचवायचा हप्ता. आपल्या 'खंडणी' या शब्दाचा प्रवासही असाच झाला नाही का? ही सुआय मुख्यतः थाई माणूसच भरतो. रस्त्यावर हातगाडी लावणारी बाई, ट्रकचा मालक, छोटं हॉटेल चालवणारा. मे २०२३ मध्ये एका खासदाराने ट्रकवरच्या स्टिकरांचं प्रकरण बाहेर काढलं. ठरावीक स्टिकर काचेवर असलं की जादा माल भरलेला ट्रक अडवायचा नाही, आणि स्टिकरचे पैसे महिन्याला. त्या जादा वजनाने फुटलेल्या रस्त्यांवरून जातो कोण? इथलाच माणूस.

आणि २०२१ चं नाखोन सावनचं प्रकरण तर अंगावर काटा आणणारं आहे. 'जो फेरारी' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका ठाणेप्रमुखाने आणि त्याच्या माणसांनी अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या एका थाई संशयिताच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्या आवळल्या. तो माणूस मेला. चित्रफीत बाहेर आली आणि सगळा देश पेटून उठला. पुढच्या वर्षी त्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली, आणि छळ व बेपत्ता करण्याविरुद्धचा कायदा २०२३ मध्ये लागू झाला. हे सगळं थाई लोकांनी बोलून, लिहून, रस्त्यावर येऊन करून घेतलं. आपण 'थाई पोलीस' आणि 'थाई लोक' एका वाक्यात एकाच शिवीने उडवतो, तेव्हा या माणसांवर केवढा अन्याय करतो!

गोऱ्या परदेशी लोकांना थाई 'फरांग' म्हणतात. आमच्या इमारतीत बरेच आहेत, निवृत्त होऊन आलेले. पन्नाशी उलटल्यावर आठ लाख बाथ इथल्या बँकेत ठेवले की निवृत्तीचा व्हिसा मिळतो. खाली तरणतलावाशी संध्याकाळी त्यांची बैठक असते आणि तक्रारी ठरलेल्या. दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, घरमालकाला परदेशी माणूस राहायला आल्याचं चोवीस तासांत नोंदवावं लागतं, आणि सगळ्यात मोठा राग म्हणजे दोन दरांचा. खाओ याइ राष्ट्रीय उद्यानात थाई माणसाला चाळीस बाथ, परदेश्याला चारशे. राजवाड्यात थाई माणूस फुकट जातो, आपल्याला पाचशे. कित्येक ठिकाणी थाई लोकांचा दर थाई आकड्यांत लिहिलेला असतो, म्हणजे आपल्याला तो वाचताही येऊ नये. हे लपवणं मलाही पटत नाही, उघड लिहावं. पण दोन दर असण्याबद्दल भारतीय माणसाने तक्रार करावी? अजिंठ्याला आपल्याला चाळीस रुपये आणि गोऱ्या पाहुण्याला सहाशे. आणि एक गोष्ट मी इथल्या प्रत्येक मराठी माणसाला सांगत असते. थायलंड बिमस्टेकमध्ये, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटात, आपल्याबरोबर आहे, म्हणून अजिंठ्याला थाई माणूस आपल्याइतकेच चाळीस रुपये भरतो. माझ्या ऑफिसातल्या दोघी वेरूळ-अजिंठा करून आल्या, तेव्हा त्यांना याचं केवढं अप्रूप वाटलं होतं. ही सवलत परस्पर असावी, असं मागणं मांडायला माझी काहीच हरकत नाही. ते मागणं आणि 'हे लोक लुटारू आहेत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फरांग मंडळींची दुसरी तक्रार, थाई लोक कधी स्पष्ट बोलत नाहीत. समोर हसतात, मनात काय ते कळत नाही. थाईमध्ये याला 'क्रेंग जाय' म्हणतात आणि इंग्रजीत त्यावर लेखच्या लेख लिहिले जातात. मला तो शब्द पहिल्याच वर्षी कळला, कारण माझ्या आजीकडे त्यासाठी शब्द होता: भीड. समोरच्याला अडचणीत टाकू नये, त्याचं मन मोडू नये, म्हणून स्वतः गैरसोय सोसणं. भिडस्त माणसाला खोटारडा म्हणायला मराठी माणूस धजावणार नाही. मग थाई माणसाला का म्हणतो?

तशी इथली बोलीच आपल्या वळणाची आहे. वयाने मोठा तो 'पी', धाकटा तो 'नोंग', अनोळखी माणसालाही. बाजारात फळं विकणारी बाई माझी 'पा' आहे, म्हणजे मावशी. ती सकाळी मला 'किन खाओ रू यांग' विचारते. शब्दशः अर्थ, भात खाल्लास की नाही अजून? सांगलीला माझी आई दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला 'जेवलास का' विचारायची, तेच हे.

२८ मार्च २०२५ चा भूकंप झाला, तेव्हा मी अठराव्या मजल्यावर होते. केंद्र म्यानमारमध्ये मंडालेजवळ, आणि हादरे इथे बँकॉकला. भिंती हलत होत्या, छतावरच्या तलावाचं पाणी बाहेर कोसळत होतं. चतुचकमध्ये बांधकाम चालू असलेली तीस-बत्तीस मजल्यांची सरकारी इमारत त्याच वेळी जमीनदोस्त झाली आणि आत काम करणारे मजूर गाडले गेले. आम्हाला खाली उतरल्यावर ते कळलं. स्कायट्रेन बंद, रस्ते ठप्प. मी चार तास चालत घरी आले. त्या चार तासांत अनोळखी लोकांनी मला तीन वेळा पाणी दिलं. एका दुकानदाराने बसायला स्टूल दिलं आणि माझा फोन चार्जिंगला लावला. घराशी पोचले तर पा रस्त्यात उभी होती. मी दिसत नाही म्हणून तिने दुकान आवरलं नव्हतं. हे हसू खोटं असतं, तर ती इतका वेळ थांबली असती का?

आता बायकांवरच्या विनोदांबद्दल. मी रात्री अकराला एकटी विनवाल्याच्या मागे बसून घरी येते, दहा वर्षं झाली. हे मला आपल्याकडच्या किती शहरांत जमलं असतं, याचा विचार विनोद करणाऱ्यांनी करावा. ज्या बायकांवर तुम्ही हसता त्यांतल्या कितीतरी जणी इसानच्या आहेत, ईशान्येकडच्या कोरड्या, भातशेतीवर भागत नाही अशा भागातल्या. मूल गावी आजीकडे, आई बँकॉकला किंवा पट्टायाला. इथली किमान मजुरी दिवसाला चारशे बाथ आणि तीही अगदी अलीकडे झालेली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा त्यांना वर्षातून दोनदा भेटतो, सोंगक्रानला, म्हणजे एप्रिलमधल्या थाई नववर्षाला, आणि इंग्रजी नव्या वर्षाला. मराठवाड्यातून उसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलं गावी आजीआजोबांकडे राहतात, हे आपण पाहिलं आहे. त्यावर कुणी विनोद करत नाही. मग इथेच का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळाला आणि २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त भारतीय इथे आले. बहुतेक जण चांगलेच वागतात. देवळात बूट काढायला, वाकून नमस्कार करायला आपल्याला शिकवावं लागत नाही. पण पट्टायाच्या किनाऱ्यावर लघवीला बसलेल्या आपल्या लोकांचे व्हिडिओ इथल्या प्रत्येक फोनवर फिरले, ते माझ्या ऑफिसातल्या मुलींनीही पाहिले. त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. मला मात्र त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी मान वर करता येईना. थाईमध्ये आपल्याला 'खॅक' म्हणतात. सीलोमच्या मरिअम्मन मंदिराला सगळे 'वाट खॅक' म्हणूनच ओळखतात. कुणी म्हणताना नाक मुरडतं, तेव्हा तो शब्द बोचतो, मला सुरुवातीची दोन वर्षं फार बोचायचा. पण त्याचा मूळ अर्थ पाहुणा. पाहुण्याला घरातलं वाईट दिसत नाही असं नाही. ते बोलण्याची एक रीत असते, आणि घरातली माणसं त्याच वाईटाशी रोज झगडत असतात याची त्याला जाण असावी लागते.

येणाऱ्यांसाठी कामाचं सांगते. व्हेप आणू नका, इथे विकतही घेऊ नका. मोटरसायकल भाड्याने घेताना दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि हेल्मेट हवंच. परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी सहसा हात वर करते, आणि इथले रस्ते जगातल्या सर्वांत जीवघेण्या रस्त्यांत मोजले जातात. पोलिसाने अडवलं तर आवाज चढवू नका. हात जोडा, शांतपणे पावती मागा, दंड ठाण्यावर भरतो म्हणा आणि ११५५ ला फोन लावा. तो पर्यटक पोलिसांचा नंबर आहे, इंग्रजीत बोलतात. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईची पर्स टॅक्सीत राहिली, तेव्हा याच नंबरवरच्या एका तरुण शिपायाने दोन दिवस पाठपुरावा करून ती मिळवून दिली. आत पासपोर्ट होता. आईने त्याला मिठाईचा डबा देऊ केला, तर घ्यायला तयार होईना. शेवटी सगळ्या ठाण्याला वाटा म्हटल्यावर घेतला.

आणि बँकॉकला डेटा एन्ट्रीची नोकरी, मोठा पगार, तिकीट आम्ही काढतो, असं कुणी सांगितलं तर कृपा करून येऊ नका. विमानतळावरून गाडी थेट माए सोतच्या सीमेवर नेतात आणि नदीपलीकडे म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या कोंडवाड्यात डांबतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून परत नेलं. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलीही मुलं होती.

भाच्याशी काल पुन्हा बोलले. रागावले नाही, वरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तेव्हा मला फक्त तिथून निघायचं होतं." ते मला समजतं. बावीस वर्षांच्या मुलाला परक्या देशात, रात्री, गणवेशातल्या माणसासमोर पावती मागणं सोपं नसतं.

इथे राहणारे किंवा येऊन गेलेले मराठी लोक हे वाचत असतील, तर तुमचे अनुभव खाली लिहा, चांगले आणि वाईट दोन्ही. पैसे द्यावे लागले असतील तर कुठल्या कारणासाठी ते खरं लिहा, पण कुणा माणसाचा फोटो किंवा नाव टाकू नका, इथे बदनामीचा फौजदारी खटला होतो. बायकांवरचे विनोद मात्र मी काढून टाकणार आहे, मग ते नात्यातल्या माणसाने टाकलेले का असेनात.