आठ सेकंदांचा आकडा आणि मुकी सनई

इंदूरच्या मराठी व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. म्हणे माणसाचं लक्ष आता ८ सेकंदच टिकतं, गोल्डफिशचंसुद्धा ९ टिकतं. म्हणून वेबसाइटवर मजकूर ठेवूच नका. उघडताक्षणी व्हिडिओ वाजवा, पॉप-अप, म्हणजे पानावर मध्येच उघडणारी चौकट, टाका, काउंटडाउन लावा. माणूस जितका वेळ अडकेल तितका धंदा. वेबसाइट करून देणं हेच माझं काम, त्यामुळे फिरत फिरत हा मेसेज शेवटी माझ्याकडेच येतो, ‘आपल्या साइटवर असं करा ना’ या ओळीसकट.

आधी तो आकडा. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या २०१५ च्या अहवालाने तो जगभर नेला. २००० साली १२ सेकंद, २०१३ साली ८, मासा ९ वर. पण हे मोजमाप मायक्रोसॉफ्टने केलेलंच नव्हतं, ते स्टॅटिस्टिक ब्रेन नावाच्या संकेतस्थळावरून घेतलं होतं. बीबीसीने २०१७ मध्ये माग काढला, तर मुळाशी संशोधन काही सापडेना. बिचाऱ्या माशावरही अन्यायच. स्मरणशक्तीच्या प्रयोगांत गोल्डफिश कित्येक दशकं वापरला जातोय, तो त्याला लक्षात राहतं म्हणूनच. आणि हेच इंदूरकर इथल्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाला शेवटच्या अंकापर्यंत बसतात. मध्यंतरात फोन बघतात, तो भाग वेगळा.

लोक पान पटकन सोडतात, हे मात्र खरं. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी २०१० मध्ये दोन लाखांहून जास्त वेबपानांवर लोक किती थांबतात ते तपासलं. जवळजवळ सगळीकडे एकच तऱ्हा दिसली: जाणारे सुरुवातीलाच जातात, आणि जो तेवढ्यात टिकला त्याची निघून जायची शक्यता पुढे कमी होत जाते. लक्ष आठ सेकंदांत आटत असतं तर उलटं दिसायला हवं होतं. सुरुवातीला माणूस कंटाळलेला नसतो, तो पारख करत असतो.

आता इथल्याच एका मंगल कार्यालयाची साइट बघा. उघडली की सनईचा व्हिडिओ. क्रोम ब्राउझर २०१८ पासून आवाजासकट आपोआप चालणारे व्हिडिओ बहुतेक वेळा अडवतो, त्यामुळे सनई मुकीच, डेटा मात्र जातो. त्यावर पॉप-अप: नाव द्या, मोबाइल नंबर द्या. अजून हॉलसुद्धा दिसलेला नाही! मुलीच्या आईला विचारायचं असतं की पंगतीला एका वेळी किती पानं बसतात, वऱ्हाडाला खोल्या किती, बाहेरचा आचारी चालतो का, गाड्या कुठे लावायच्या. ही उत्तरं आहेत, पण ‘आमची परंपरा’च्या खाली, बारीक अक्षरांत. मजकूर नकोच म्हणणाऱ्यांनी सांगावं, यातलं काय काढायचं?

‘जास्त वेळ म्हणजे जास्त धंदा’ हेही तपासून घ्या. ती चार उत्तरं वर आणली, तर बाई अर्ध्या मिनिटात फोन लावेल. साइटवरचा वेळ घटला, काम झालं. उलट आचाऱ्याचा नियम शोधत कोणी दहा मिनिटं भटकलं, तर साइटच्या भेटींच्या अहवालात तो आकडा झकास दिसेल. शिवाय साइटवरच्या भेटी मोजणारं गूगलचं जुनं ॲनालिटिक्स, जे १ जुलै २०२३ पासून बंद होत गेलं, ते एकच पान वाचून परतणाऱ्याचा वेळ साधारणपणे शून्य धरायचं, मग त्याने पान अक्षरन् अक्षर वाचलेलं का असेना. नव्यात १० सेकंदांहून जास्त थांबलेली भेट गुंतलेली मानतात, पण तिथेही तो गुंतला की हरवला, हे कळत नाहीच.

पॉप-अपचं थोडक्यात: मोबाइलवर मजकूर झाकणारी पानं जानेवारी २०१७ पासून गूगल शोधात मागे पडू शकतात.

राहिला काउंटडाउन. ‘या मुहूर्ताला एकच तारीख शिल्लक, ०९:५९’, आणि पान पुन्हा उघडलं की परत ०९:५९. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या युक्त्यांचे १३ प्रकार दिलेत, आणि खोटी घाई त्यातलाच एक. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी निदान तेवढी यादी वाचावी. आठ सेकंदांत नाही होणार.