जिन्यावर सांडलेला पगार

आमच्या घरी वाणसामानाची यादी आजही पंचकार्डावर, म्हणजे पूर्वी भोके पाडून संगणकाला प्रोग्रॅम भरवायच्या जाड कागदी कार्डावर, लिहिली जाते. आमच्या कार्यालयातून कार्डांची सद्दी संपली, तेव्हा रद्दीत निघालेले २,००० कोऱ्या कार्डांचे एक खोके मी घरी आणले आणि ते अजून सरलेले नाही. कार्ड खिशात उभे राहते, घामाने दुमडत नाही आणि त्यावर छापलेल्या ८० स्तंभांत डाळ-तांदूळ कसे शिस्तीत बसतात. नव्या पोरांच्या चकचकीत पडद्यांवर मात्र साधा गूळ टिपायचा तरी आधी चार्जर शोधावा लागतो.

हे खोके उघडले की मला १९७४ सालचा तो जिना आठवतो.

मी तेव्हा फोर्टातल्या एका कंपनीत कोबोल या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहीत असे. लिहीत असे म्हणजे खरोखरच पेन्सिलीने, चौकटींच्या कोडिंग शीटवर. त्याआधी प्लॅस्टिकच्या साच्याने फ्लोचार्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या टप्प्यांची आकृती, काढावा लागे. त्या साच्यातला समभुज चौकोन निर्णय दाखवण्यासाठी असे, पण आमच्या धाकट्या बहिणीने त्यावरूनच अर्ध्या चाळीच्या आकाशकंदिलांची नक्षी कापली होती. शीट पंचिंगच्या मुलींकडे जाई आणि एका ओळीला एक याप्रमाणे कार्डे होऊन परत येई. पूर्णविराम एखाद्या स्तंभाने सरकला किंवा गळालाच, तर ते यंत्राकडून दुसऱ्या दिवशी कळे, तेही इतक्या तक्रारींसह की मूळ चूक त्यांत शोधावी लागे.

पगाराच्या प्रोग्रॅमची माझी सुमारे ८०० कार्डे होती. महिनाअखेर होती, लिफ्ट बंद होती आणि यंत्र तिसऱ्या मजल्यावर वातानुकूलित गाभाऱ्यात होते, जिथे आम्ही चपला बाहेर काढूनच जात असू. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून चहावाला आला, मी त्याला वाट दिली आणि माझ्या हातातल्या कार्डांच्या ट्रेने माझी साथ सोडली. ८०० कार्डे पायऱ्या उतरताना जो आवाज होतो, तो पत्त्यांच्या डावासारखा असतो. फरक एवढाच की इथे हरणारा एकच असतो.

अशा वेळेसाठी शहाणी माणसे दोन तजविजी करून ठेवत. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर शाईने एक तिरकी रेघ ओढायची, म्हणजे कार्डे विस्कटली तरी रेघ जुळवत ती लावता येत. मीही ती ओढली होती. पण वर्षभर मधे नवी कार्डे घुसवत गेल्याने दर वेळी नवी रेघ ओढली आणि आता त्या कडेवर कोळ्याचे जाळे झाले होते. दुसरी तजवीज म्हणजे पहिल्या सहा स्तंभांत अनुक्रमांक पाडायचे. मग सॉर्टर, म्हणजे कार्डे क्रमाने लावणारे यंत्र, सहाव्या स्तंभापासून पहिल्यापर्यंत, एका फेरीला एक स्तंभ, अशा सहा फेऱ्यांत गठ्ठा लावून देई. मिनिटाला १,००० कार्डे फिरवणाऱ्या त्या यंत्राला माझे काम म्हणजे चहा निवण्याच्या आत उरकण्यासारखे होते.

“नंबर पाडलेत ना?” साहेबांनी विचारले.

“नाही सर, वेळ नव्हता.”

“आता आहे?”

उरला एकच आधार, तो म्हणजे प्रोग्रॅमच्या लिस्टिंगचा, म्हणजे त्याच्या सगळ्या ओळी क्रमाने छापलेल्या प्रतीचा. ते लिस्टिंग डोंबिवलीला, आमच्या फडताळात होते. फिकट हिरव्या पट्ट्यांचा, १३२ अक्षरे मावणारा तो रुंद कागद आईला इतका पसंत होता की घरातली एकही फळी तिने उघडी ठेवली नव्हती. मी रात्री बरण्या उचलून पगाराचा प्रोग्रॅम सोडवून घेतला (आईने बदली कागद मागितला, तो दिला) आणि सकाळी साडेसातपासून कार्यालयाच्या फरशीवर मांडी घालून प्रत्येक कार्डाच्या माथ्यावरची छपाई त्या लिस्टिंगशी ताडत बसलो. दुपारपर्यंत सगळे जमले. अडले ते फक्त ओव्हरटाइमच्या परिच्छेदात, कारण नेमक्या तिथे बरणीच्या बुडाचे गोल वर्तुळ उमटले होते आणि खाराने शाई फुटली होती. हातात तीन कार्डे उरली. ती मी अंदाजाने खोचली.

चाचणीची छपाई आली, तेव्हा साहेबांना पगार मिळण्याऐवजी त्यांच्याकडूनच कंपनीला १४ रुपये येणे निघाले होते. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला, मग माझ्या हातातले लिस्टिंग मागून घेतले, वर्तुळावर बोट फिरवले, कागद नाकाशी नेला आणि एवढेच विचारले, “कैरीचे का हो?”