‘८८ व्होल्ट’ची चेनसॉ आणि रात्रभराचं सरपण: त्या मेसेजला उत्तर

दिवाळी झाली की शेतावर मुक्कामाला येणाऱ्या पोरांचे फोन सुरू होतात. माझं शेत वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलापासून थोडंसं अलीकडे. पोरं नागपुरातून, वर्ध्यातून येतात, धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, तंबू लावतात, रोडगे-वांग्याची भाजी करतात, सकाळी पक्षी बघून परत जातात. यंदा जवळजवळ प्रत्येक फोनवर एकच प्रश्न होता: "काका, लाकडं कापायला मिनी चेनसॉ घेऊन येऊ का?"

चेनसॉ म्हणजे दातेरी साखळी फिरवून लाकूड कापणारी मशीन. हा प्रश्न एका मेसेजमुळे आला. तो माझ्याकडेही तीन ग्रुपवरून आला. मजकूर साधारण असा: कॅम्पिंगला जाताय तर ८८ व्होल्टची बॅटरीवाली मिनी चेनसॉ घ्या; जितके व्होल्ट जास्त तितकी ताकद जास्त; एका चार्जमध्ये रात्रभराची लाकडं होतात; पेट्रोल नाही, तेल नाही, कटकट नाही; एका हातात चालते, बायका-मुलंही चालवू शकतात; जंगलातलं वाळलेलं लाकूड कापायला परवानगी लागत नाही; कुऱ्हाडीचा जमाना गेला.

यातलं एक वाक्य खरं आहे, की पेट्रोल लागत नाही. बाकीच्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण पोरं हे वाचून दीड-दोन हजार रुपये घालतात आणि बोटंही पणाला लावतात.

‘८८ व्होल्ट’पासून सुरू करू. लिथियम बॅटरीचा एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्टचा असतो, काम करताना सरासरी ३.६ धरायचा. असे पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात, पूर्ण चार्जला २१. बाजारात मिळणाऱ्या तळहाताएवढ्या बॅटऱ्या बहुतेक याच असतात. खरे ८८ व्होल्ट हवे असतील तर चोवीस-पंचवीस सेल एका ओळीत जोडावे लागतील. असा एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे नुसते सेलच किलोभराचे झाले. तुमच्याकडे आलेली बॅटरी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. अडीचशे-साडेतीनशे ग्रॅम भरली तर डब्यावर ४८ लिहिलेलं असो, ८८ असो की १२८, आत पाच सेलच आहेत. तो आकडा म्हणजे मॉडेलचं नाव. काही डब्यांवर आकड्यापुढे बारीक ‘व्हीएफ’ लिहिलेलं असतं. नुसतं ‘व्ही’, म्हणजे व्होल्ट, नसतं. हे बारकाईने वाचा.

समजा, व्होल्ट खरे असले तरी ताकद एकट्या व्होल्टवर ठरत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. शेतातल्या पंपाला दाब पाहिजे आणि पाणीही पाहिजे, तसंच हे आहे: व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे पाणी. आणि काम किती वेळ चालेल ते वॅट-अवरवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज साठते त्यावर, ठरतं. घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: "भाऊ, बॅटरी किती वॅट-अवरची?" त्याला सांगता आलं नाही तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार आपणच करायचा. १८ गुणिले १.५ म्हणजे २७ वॅट-अवर. तुमच्या खिशातल्या ५००० एमएएचच्या मोबाइलची बॅटरी १९ वॅट-अवरच्या जवळ असते. म्हणजे दीड मोबाइलच्या बॅटरीवर बाभूळ कापायची आहे.

यावरून ‘एका चार्जमध्ये रात्रभराची लाकडं’ याचा हिशेब आपोआप निघतो. पाती, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी, लाकडात असताना लहान मोटरही तीन-चारशे वॅट सहज ओढते. २७ वॅट-अवर त्या वेगाने चार-पाच मिनिटांत संपतात. मी गेल्या मोसमात एका पोराची सहा इंची मशीन आमच्या धुऱ्यावरच्या वाळलेल्या बाभळीवर चालवली. मनगटाएवढ्या फांद्यांचे वीसेक काप झाले आणि मशीन मंद पडली. शेजारचे आजोबा उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "अन् धावड्याले लावली असती तं?" प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडचं सरपण म्हणजे मऊ पाइन नव्हे. जाहिरातीच्या व्हिडिओत लोण्यासारखं कापलं जाणारं लाकूड बहुतेक वेळा तसलं मऊ किंवा ओलं असतं. आपल्याकडे बाभूळ, ऐन, धावडा, आणि तेही उन्हाळाभर वाळून दगड झालेलं. तिथे बॅटरी निम्माच वेळ चालते आणि चेनची धार त्याआधीच जाते.

धार गेली हे ओळखायची सोपी खूण सांगतो. धार असली की भुशासोबत बारीक चिपा पडतात. गेली की पिठासारखी पूड पडते आणि हात जोर लावू लागतो. त्या क्षणी थांबायचं. अशा लहान चेनला साधारण ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, आणि ती मशीनसोबत क्वचितच येते. लाकूड जमिनीवर ठेवून कापलं तर मुरमाला एकदा टेकताच धार संपते. दोन ओंडक्यांवर आडवं टाकून कापा. दोन्ही टोकं टेकलेली असतील तर आधी वरून तिसरा हिस्सा कापायचा, मग खालून; एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून. नाहीतर पाती लाकडात अडकते आणि पोरं ती ओढून काढायला जातात.

बॅटरीबद्दल आणखी एक, आणि ही आपल्या भागाची गोष्ट आहे. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं बनवणारेच सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात सावलीत पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत तो कितीतरी पुढे गेलेला असतो. कापून झाल्यावर बॅटरी स्वतःही तापलेली असते. ती थंड होऊ द्या, मग लावा. मोसम संपल्यावर अर्धी चार्ज करून घरात, माठाच्या कोपऱ्यात ठेवतो तशा गार जागी ठेवा. डिक्कीत वर्षभर पडलेली बॅटरी पुढच्या दिवाळीला उठत नाही.

आता ‘तेलाची कटकट नाही’. इथलं तेल इंजिनासाठी नसतंच, ते चेनसाठी असतं. पातीच्या खाचेत चेन धावते, तिथे तेलाचा पातळ थर नसला की घासून गरम होते, गरम झाली की सैल पडते आणि सैल चेन खाचेतून उतरते. मोठ्या मशीनमध्ये तेलाची टाकी असते आणि आपोआप तेल सुटतं. बऱ्याच लहान मशीनना ही सोय नसते, म्हणून ‘तेल लागत नाही’ असं लिहून मोकळे होतात. लागतं. दर पाच-सात कापांनंतर हाताने थेंब टाकावे लागतात. मोटरसायकलचं जळकं काळं ऑइल टाकू नका. ते जमिनीवर आणि लाकडावर उडतं, आणि त्याच लाकडाच्या धुरावर तुम्ही भाजी शिजवता. चेनचं तेल संपलं तर एखाद्या दिवसापुरतं घरचं खायचं तेल चालतं, पण काम झाल्यावर चेन-पाती पुसून काढा. जवसाचं तेल मात्र बिलकुल नको. ते वाळून वार्निशसारखं घट्ट होतं आणि खाचच भरून टाकतं. घरात जवस असतो म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

‘एका हातात चालते, मुलंही चालवू शकतात’ हे वाचून मला राग आला, आणि तो लपवायची गरज वाटत नाही. मशीन एका हातात असली की दुसरा हात कुठे असतो? कापायच्या फांदीवर, पातीपासून वीतभर अंतरावर. पातीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की चेन तिथे अडते आणि सगळी मशीन क्षणात मागे-वर उसळते. हे टाळायला वेळच मिळत नाही, माणसाचा हात तेवढा चपळ नाही. मोठ्या मशीनला पुढच्या दांड्यापुढे एक पट्टी असते. उसळली की मनगट पट्टीला लागतं आणि चेन जागच्या जागी थांबते. त्याला चेन ब्रेक म्हणतात. दीड हजाराच्या मशीनमध्ये तो नसतो. वरचं प्लॅस्टिकचं झाकण म्हणजे ब्रेक नव्हे. दोन वर्षांपूर्वी माझ्याच शेतावर एका पोराच्या डाव्या अंगठ्याला चेन लागली. अंधार पडला होता, फांदी त्याने गुडघ्यावर धरली होती. मांडीवर आली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही येतो, कारण तिथून ग्रामीण रुग्णालयापर्यंत मोटरसायकलने जायला जो वेळ लागला तो मी मोजला आहे. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: दिवस मावळल्यावर कापणी बंद, चप्पल घालून कापणी नाही, डोळ्याला चष्मा, मशीन दोन्ही हातांत, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती ती द्यायची नाही.

त्याहून मोठी चूक जंगलाच्या वाक्यात आहे. वाळलेलं लाकूड बेवारस नसतं. राखीव जंगलातून ते उचलणं, तिथे झाड तोडणं, विस्तव पेटवणं हे १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि कलम ५२ प्रमाणे माल आणि हत्यारं जप्त होऊ शकतात. अभयारण्यात तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. बोर, ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा यांच्या हद्दीत ही मशीन घेऊन शिरणं म्हणजे थेट अडचण. स्वतःच्या शेतातला उभा सागवान, मोह किंवा चिंच तोडायलाही महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तसल्या गावात जंगलाचा निर्णय ग्रामसभा करते, तिला विचारल्याशिवाय बाहेरच्या माणसाने काडीला हात लावू नये. कायदा बाजूला ठेवला तरी वाघ आहे. आपल्याकडे वाघाच्या हल्ल्यात जीव गेलेल्यांमध्ये सरपण, मोहफुलं, तेंदूपाने आणायला गेलेली गावातली माणसं असतात, ज्यांना त्या जंगलाची पायवाट न् पायवाट ठाऊक होती. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा काळ. त्या दिवसांत माझ्या शेतावरही शेकोटी होत नाही.

मग लाकूड किती लागतं ते तरी बघा. सहा-आठ जणांच्या तीन-चार तासांच्या शेकोटीला पंधरा-वीस किलो पुष्कळ झालं. रोडगे तर लाकडावर करायचेच नसतात, गोवऱ्यांच्या आरावर करायचे असतात. पेटवण्यासाठी पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, आहेत, त्या हाताने मोडतात. उरल्या मनगटाएवढ्या फांद्या, त्यांना दहा इंची घडीची आरी पुरते. ती शांत चालते, चार्ज लागत नाही, पिशवीत मावते. कुऱ्हाडीचा जमाना गेला म्हणणाऱ्याने ओंडका फोडून दाखवावा. चेनसॉ लाकूड आडवं कापते, उभं फोडत नाही, आणि जाड ओंडका फोडल्याशिवाय नीट पेट घेत नाही. रेषेत बसलेला कुऱ्हाडीचा एक घाव ते काम करतो.

मी स्वतः बॅटरीची चेनसॉ वापरतो, म्हणून तिच्या विरोधात नाही. वादळात पडलेलं कडुनिंब किंवा धुऱ्यावरची वाळकी बाभूळ कापायला ती पेट्रोलच्या मशीनपेक्षा बरी पडते: दोरी ओढणं नाही, तेल-पेट्रोलचं मिश्रण नाही, बैल बुजत नाहीत. माझी ३६ व्होल्टची आहे, म्हणजे दहा सेलची ओळ, ४ अँपिअर-अवर, १४४ वॅट-अवर. बारा इंची पाती, चेन ब्रेक, आपोआप सुटणारं तेल. ती मिनी मशीनच्या कितीतरी पट महाग पडली आणि दोन शेजाऱ्यांसोबत वाटून घेतली. कोणी घेणार असेल तर वॅट-अवर, पाती, चेन ब्रेक आणि आपोआप सुटणारं तेल या चार गोष्टी बघून घ्या, आणि चेन व पाती तालुक्याच्या दुकानात मिळते का ते पैसे देण्याआधी विचारा. ज्या मशीनची चेन फक्त कुरिअरने येते ती पहिली चेन झिजली की भिंतीवर टांगली जाते.

यंदा येणाऱ्या पोरांना मी फोनवर एवढंच सांगितलं आहे: मशीन घरी ठेवा, जाड तळव्याचे बूट आणि एक घडीची आरी आणा. लाकूड मार्गशीर्षातच कापून, फोडून गोठ्यामागे रचलं आहे. गोवऱ्या शेजारच्या काकूंकडून घ्यायच्या आहेत, त्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं.