जोतं आणि माडी

गेल्या महिन्यात मालवणहून दादाचा फोन आला. दादा माझा चुलतभाऊ. तीस गुंठ्यांची माडांची बाग, चार-पाच काजूची झाडं आणि रापणीतला, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढायच्या जाळ्यातला, एक वाटा, एवढ्यावर त्यानं दोन मुलं शिकवली. आता बाग मोडून तिथं आठ खोल्या बांधायच्या, बँकेचं कर्ज काढायचं आणि रापणीतला वाटा सोडून द्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवत आणलं होतं. "तुमच्या त्या मॉरिशसात काय आसा जां आमच्याकडे नाय?" त्यानं विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, "तू थंय हाटेलात इतकी वर्सां काढलंस. तूच सांग."

फोनवर मला नीट सांगता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे, दादासाठी आणि त्याच्यासारखाच हिशेब मांडत बसलेल्या किनाऱ्यावरच्या इतर घरांसाठी.

कोकणातला वाद इथंही ऐकू येतो. 2023 च्या उन्हाळ्यात राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, गावं रस्त्यावर उतरली, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर रोज एकच वाक्य फिरत होतं: कारखाना नको, पर्यटन द्या. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 2021 मध्ये चिपीच्या नव्या विमानतळावर विमान उतरलं, आणि आता कोकणाला दुसरं काही करायची गरजच नाही, असं बोललं जातं. माती आणि पाणी नासवणारा कारखाना मलाही नको. पण नको असलेल्या गोष्टीच्या जागी पर्यटन हे उत्तर लिहून वही मिटली, की माझ्या पोटात खड्डा पडतो. ज्या बेटाचं उदाहरण सगळे देतात त्या बेटावर मी राहते, आणि ते बेट पर्यटनावर उभं राहिलेलं नाही.

मी मॉरिशसच्या कात्र बोर्न शहरात राहते आणि पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात खरेदी विभागात अकरा वर्षं काम केलं. पाहुण्याला समुद्र दिसतो, मला बिलं दिसत. लोणी न्यूझीलंडचं, चीज फ्रान्सचं, वाइन दक्षिण आफ्रिकेची, बासमती आपल्याकडचा, कोळंबी बहुतेक वेळा मादागास्करची. लिनन, साबण, लिफ्टचे सुटे भाग, सगळं बोटीनं आलेलं. या देशात खाल्लं जाणारं बहुतेक अन्न आयात होतं. हॉटेलात तर ते प्रमाण आणखी वाढतं, कारण पाहुण्याला न्याहारीला त्याच्या घरचंच हवं असतं. पाहुणा युरो घेऊन आत येतो आणि त्यातला मोठा भाग मागच्या दारानं, माझ्याच सहीनं, बाहेर जातो. उरतात ते पगार, कर आणि स्थानिक शेतकऱ्याची चार बिलं. ते थोडं नाही. बेल मारच्या मच्छीमाराची मुलगी आमच्याकडे पेस्ट्री शेफ झाली आणि तिनं आईवडिलांना पक्कं घर बांधून दिलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आलेला पैसा आणि राहिलेला पैसा यांतलं अंतर गावाकडच्या भाषणांत कधी येत नाही.

या बेटावर आपली माणसं कशी आली ते आठवतं का पाहा. 2 नोव्हेंबर 1834 ला करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली, आणि पुढच्या काळात मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसंही उसाच्या मळ्यांवर आली. त्यांचे पणतू-खापरपणतू आज वाक्वा, कास्कावेलकडे राहतात, गणपतीला झाकरी नाचतात (आपली जाखडी!), आणि गणेश चतुर्थीला इथं सरकारी सुट्टी असते. ही सगळी माणसं एका पिकासाठी आणली गेली होती. 1960 च्या फेब्रुवारीत कॅरोल वादळानं ते पीक झोपवलं तेव्हा देशाला आधाराला दुसरं काहीच नव्हतं. पुढच्याच वर्षी जेम्स मीड या अर्थतज्ज्ञानं, ज्याला नंतर नोबेल मिळालं, या बेटाला शांततेनं प्रगती करणं अवघड आहे, असं लिहून ठेवलं.

मीडचा अंदाज चुकला. का चुकला, ते आपल्या लोकांनी वाचलं पाहिजे. 1970 मध्ये निर्यात उद्योगांसाठी कायदा झाला आणि कापडाचे कारखाने उभे राहिले. 1975 मध्ये युरोपनं दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावानं घ्यायचं कबूल केलं. त्या पैशातून साखर कारखानदार घराण्यांनी हॉटेलं बांधली. म्हणजे पर्यटन इथं आलं ते साखरेच्या पैशावर, कापडाच्या सोबतीनं. वृद्धांना सरसकट पेन्शन स्वातंत्र्याआधीपासून होती. 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. सरकारी दवाखान्यात आजही पैसे पडत नाहीत. 1990 च्या दशकात वित्तसेवा वाढल्या. युरोपनं 2006 ते 2009 च्या दरम्यान साखरेचा भाव 36 टक्क्यांनी उतरवला, त्याच सुमारास कापडाचा कोटाही गेला, पण तोवर घराला चार खांब झाले होते. पाहुणे माडीवर उतरले. जोतं आधी भरलं गेलं होतं.

आता 2020. 2019 मध्ये या देशात सुमारे 13.8 लाख पर्यटक आले होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. 18 मार्च 2020 ला कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि दोन दिवसांत सगळं बंद झालं. 2021 मध्ये वर्षभरात आले 1.8 लाख. 2020 मध्ये अर्थव्यवस्था सुमारे 15 टक्क्यांनी आकसली, राष्ट्रीय विमान कंपनी एप्रिलमध्येच प्रशासकाच्या हाती गेली.

त्या दिवसांत मी आठवड्यातून एकदा कोठारात जात असे. शीतगृहातलं चीज मुदत संपण्याआधी कामगारांना वाटून टाकलं. तरण तलावात पाणी हिरवं झालं होतं. मला खरं कळलं ते मात्र फ्लाककडच्या दोन भाजीवाल्या शेतकऱ्यांकडून. दोघं शेजारी, दोघं आमच्याकडे माल द्यायचे. एकानं पूर्ण जमीन हॉटेलांच्या सॅलडसाठी लावली होती, तऱ्हेतऱ्हेची लेट्यूस, तुळशीच्या परदेशी जाती, नाजूक पानं. बाजारात ते कुणी विकत घेईना. एप्रिलमध्ये त्यानं सगळं नांगरून टाकलं आणि मला फोन करून नुसता रडला. दुसऱ्यानं अर्ध्या जमिनीत लाल भोपळा, लालो म्हणजे भेंडी आणि साध्या पालेभाज्या ठेवल्या होत्या. त्याच्या दारात गावातले लोक रांग लावत होते. दोघांची मेहनत सारखी, माती सारखी. फरक एवढाच, की एकाचा गिऱ्हाईक विमानानं यायचा आणि दुसऱ्याचा चालत.

देश वाचला कशामुळं? सरकारनं पगारसाहाय्य योजना काढली. पन्नास हजार मॉरिशियन रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना कमाल पंचवीस हजारांपर्यंत रक्कम मिळाली, आणि पर्यटनातल्या लोकांसाठी ती इतरांपेक्षा जास्त काळ चालली. माझं घर त्यावर चाललं. हा पैसा पर्यटनानं साठवलेला नव्हता. इतर क्षेत्रांचे कर होते, कर्ज होतं, आणि मध्यवर्ती बँकेनं सरकारला दिलेले 60 अब्ज रुपये होते. हॉटेलांना तगवण्यासाठी त्याच बँकेनं वेगळी गुंतवणूक कंपनी काढली. त्याची किंमत आम्ही अजून मोजतो आहोत. तेव्हा डॉलरला 36 च्या आसपास असलेला इथला रुपया आता 45 च्या घरात आहे. म्हणून 2024 मध्ये पर्यटनाची कमाई 2019 च्या 63 अब्जांवरून 90 अब्जांच्या वर गेली, असं वर्तमानपत्रात वाचते तेव्हा मी दुसरा आकडा शोधते: माणसं किती आली? जवळपास तेवढीच. वाढ झाली त्यात रुपयाच्या घसरणीचा मोठा वाटा आहे, आणि तीच घसरण माझ्या शेजारणीच्या दुधाच्या डब्यावर आणि तेलावर महागाई होऊन उतरली आहे.

त्याच 2020 मध्ये, 25 जुलैला, वाकाशिओ नावाचं जहाज प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल खाजणात सांडलं. माएबूरच्या लोकांनी उसाच्या पाचटाचे लोंढके शिवून तेल अडवायचा प्रयत्न केला. मीही दोन दिवस पाचट भरायला गेले होते. हात काळे झाले, वास आठवडाभर गेला नाही. निसर्ग हेच भांडवल असलं, की ते एका रात्रीत बुडू शकतं. तिथल्या मच्छीमारांना पर्यटक नव्हते आणि मासेही नव्हते, दोन्ही एकदम.

मालदीवचं तर आपण सगळ्यांनी पाहिलं. 2024 च्या जानेवारीत लक्षद्वीपवरून वाद पेटला, तिथल्या काही उपमंत्र्यांनी भारताविषयी वाईट लिहिलं, आणि भारतीयांनी बुकिंग रद्द करायला सुरुवात केली. 2023 मध्ये दोन लाखांवर गेलेली आणि पहिल्या क्रमांकावर असलेली आपल्या लोकांची संख्या 2024 मध्ये खूप खाली आली. त्यात कुठल्या खोली झाडणाऱ्याची काय चूक होती? साखरेचा भाव ब्रसेल्समध्ये ठरायचा, तसा पर्यटकाचा मूड कुठंतरी दूर ठरतो.

आणि किनारा. इथं समुद्राला लागून सुमारे 81 मीटरचा पट्टा फ्रेंचांच्या काळापासून सरकारी मालकीचा आहे, आणि भरतीच्या रेषेखालची वाळू सर्वांची आहे. तरीही पट्टेच्या पट्टे हॉटेलांना भाडेपट्ट्यानं गेले. दक्षिणेला पोंपोनेतचा सार्वजनिक किनारा हॉटेलासाठी देण्याचं ठरलं तेव्हा 'आरेत कोकें नू लाप्लाज', म्हणजे 'आमचे किनारे चोरणं थांबवा', म्हणत लोक उभे राहिले. रविवारी डबे घेऊन समुद्रावर जाणं हा इथल्या गरिबाचा एकमेव चैनीचा दिवस आहे, त्यामुळं हा राग मला अगदी आतून समजतो. तारकर्लीत, देवबागेत आपल्या रापणीच्या जागांवर खुर्च्या येतात, तेव्हा जाळं ओढायचं कुठं, हा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे तर 81 मीटरचा पट्टाही नाही. जमीन एकदा विकली की गेली.

हे सगळं कोकणाला नवं नाही, आणि मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचे चालवायचे. महिन्याला मनीऑर्डर यायची आणि अख्खं घर, आमचं आणि दादाचं, त्यावर चालायचं. गावात शेती होती, पण ती बायकांनी करायची उरलीसुरली गोष्ट झाली होती. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. आजी पोस्टमनची वाट पाहत ओटीवर बसायची, हे आईनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की ते मीच पाहिल्यासारखं वाटतं. आजोबा ट्रंक घेऊन परत आले तेव्हा भाताच्या कुणग्यांत गवत माजलेलं होतं. दुसऱ्या गावात फिरणाऱ्या चाकावर आपलं घर टांगलं, की ते चाक थांबल्यावर काय होतं, हे शिकायला आपल्याला मॉरिशसची गरज नाही.

दादाची बाजू खोटी नाही. माडावर चढायला पाडेली मिळत नाहीत, वांदर शहाळी फोडतात, 2021 च्या तौक्तेनं त्याचे चौदा माड एका रात्रीत पाडले. पर्ससीनची मोठी जाळी लावणाऱ्या ट्रॉलरवाल्यांनी मासळी ओरबाडल्यावर रापणीला काय लागतं, तेही मला माहीत आहे. बाग ठेव म्हणणं परदेशात बसून सोपं आहे. म्हणूनच मला सरकारला विचारायचं आहे, की पर्यटन जिल्हा म्हणून पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी गंभीर पेशंटला घेऊन आम्ही अजून गोव्यातल्या बांबोळीच्या दवाखान्यात का धावतो? वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं काजूच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 सारख्या जाती दिल्या, मग आपले काजू कारखाने आफ्रिकेची बी का फोडतात? बर्फाचा कारखाना, मासळी टिकवायची सोय, आंब्याच्या रसाचा, कोकमाचा धंदा, चांगला दवाखाना, चांगली शाळा: हे भरलं की पर्यटन त्यावर खुशाल चढू दे, मीच पहिली पाहुणी आणून देईन.

दादाला मी शेवटी दोनच गोष्टी विचारल्या. जून ते ऑगस्ट स्कूबा बंद, समुद्र बंद, तेव्हा हप्ता कुठून भरणार? आणि पाहुण्याला न्याहारीला जे वाढशील, त्यातलं किती आपल्या वाडीतून येईल आणि किती कुडाळच्या घाऊक दुकानातून? पहिल्याचं उत्तर त्यानं लगेच दिलं नाही. दुसऱ्यावर तो बराच वेळ बोलला: घावणे, खोबऱ्याचा रस, सोलकढी, वहिनीचं बांगड्याचं तिखलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की यातल्या निम्म्या गोष्टी तो मोडायला निघालेल्या बागेतूनच येतात.

काल रात्री त्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा, आणि खाली लिहिलेलं: "चार खोल्यो बस झाल्यो. बावडेकडचे माड तशेच रवतले. रापणीच्या वाट्याचा अजून ठराक नाय."