यावलकडच्या उंदरांचं घड्याळ
उंदरांचं दिनचक्र उजेडावर चालतं हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावरच लागतं. रात्र लांबली की मेलाटोनिन हे अंधारात स्रवणारं संप्रेरक जास्त वेळ स्रवतं, त्यामुळे सैबेरियन हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याची तर हिवाळ्यात फरच पांढरी होते! पण तापमान दोन ओळींत उरकलंत, त्याचं वाईट वाटलं. थंडी आणि उपासमारीत निशाचर उंदीर दिवसाही हिंडतात, हे प्रयोगांत दिसलंय. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडे दिवसाची लांबी वर्षभरात जेमतेम अडीच तासांनी बदलते, पारा मात्र थंडीत 10 च्या खाली आणि मे महिन्यात 45 पर्यंत. यंदा पौषात भर दुपारी गव्हाच्या बांधावर उंदीर पाहिले. आमच्यासारख्या उष्ण मुलखातल्या उंदरांवर सविस्तर लिहा, सापळ्याची वेळ आम्हाला त्यावरच ठरवायची असते.