माकडतापासाठी माकडांवर दात धरणे चुकीचे

काजूच्या हंगामात सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात हमखास ऐकू येणारा दावा असा: माकडताप माकडेच पसरवतात, म्हणून त्यांचा बंदोबस्त करावा, रुग्णाजवळ जाऊ नये, आणि लस घेतली असेल तर रानात निर्धास्त फिरावे. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

माकडतापाचा विषाणू माणसात येतो तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. तो गोचिडींत आणि रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान प्राण्यांत टिकून राहतो. लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाची वानरे मात्र आपल्याप्रमाणेच त्याला बळी पडतात.

दाव्यात तथ्याचा अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, ते रक्त पिणाऱ्या गोचिडी बाधित होतात आणि माकड मेले की त्याचे अंग सोडून जमिनीवर उतरतात. म्हणूनच मेलेल्या माकडाभोवतीच्या 50 मीटर परिसरात कीटकनाशकाची फवारणी केली जाते. पण यावरून माकडे मारावीत असे निघत नाही, उलटेच निघते. हुसकावलेले माकड आपल्या अंगावरच्या गोचिडी दुसऱ्या बागेत नेते, आणि माणसेच माकडे मारू लागली तर तापाने मेलेले माकड ओळखायचे कसे? पुष्कळदा तीच या साथीची पहिली सूचना असते. असे माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे.

रुग्णाला टाळण्याचा सल्ला तर निव्वळ निर्दय आहे, कारण हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. शंभरांतले तीन ते पाच रुग्ण दगावतात, आणि काहींना ताप उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटून मेंदूवर परिणाम होतो. अशा माणसाजवळ कोणीतरी बसलेले असणे गरजेचे आहे.

लसीचे म्हणाल, तर 2005 ते 2010 या काळातील कर्नाटकातल्या आकडेवारीत दोन मात्रांचे संरक्षण सुमारे 62 टक्के आणि वर्धक मात्रेसह सुमारे 83 टक्के आढळले होते, म्हणजे तेव्हाही निर्धास्तपणाला आधार नव्हता. पुढे परिणामकारकता अपुरी ठरल्याने 2022 मध्ये तिचा वापरच थांबला.

2015 मध्ये सत्तरीतील पाली येथे आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातील केर येथे साथ उद्भवली, आणि दोन्हीकडे काजूबागांतील कामाचा संबंध दिसला. काजूचे बोंडू वेचायला वाकलेल्या माणसाचे हात ज्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, असतात, त्यातच मोहरीच्या दाण्याहून मोठी नसलेली कोवळी गोचीड दबा धरून असते, आणि तिच्या हंगामाची गाठ नेमकी काजूच्या हंगामाशी पडते. रानात जाताना अंगाला डेपा तेल (गोचिडींना दूर ठेवणारे तेल) लावणे, अंगभर कपडे घालणे आणि परतल्यावर गरम पाण्याने व साबणाने आंघोळ करून ते कपडे गरम पाण्यात धुणे, हे उपाय तिच्याविरुद्ध आहेत. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही: वाढ झालेल्या गोचिडी रानात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर पोसतात, त्यामुळे विषाणू पसरवण्यात गुरांचा फारसा हात नसला तरी गोचिडींची पैदास त्यांच्यामुळेच फोफावते. ज्यांना बंदोबस्तच करायचा आहे, त्यांनी आधी आपल्या गोठ्यातल्या जनावरांच्या अंगावरच्या गोचिडींचा करावा.