जमीन तुमची असेल, वाट तुमच्या बापाची नाही

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला पळायला जागा शोधत फिरावं लागतं, याच्याएवढा संताप दुसऱ्या कशाचा येत नाही. जोतिबा, पन्हाळा, गिरोली, पोहाळे, इकडं कात्यायनीचे डोंगर. गाडीवरनं अर्ध्या तासात डांबर संपतं आणि पायाखाली मुरूम आणि जांभा येतो. शहर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, पन्हाळा साडेनऊशेच्या पुढं. म्हणजे चारशे मीटरचा निव्वळ चढ घराशेजारी पडलाय. पुण्या-मुंबईची माणसं असल्या चढासाठी रात्रभर प्रवास करून येतात. आणि आम्हाला तो रोज मिळत असताना एकेक वाट डोळ्यांदेखत बंद होत चाललीय.

जोतिबाच्या डोंगराच्या एका सोंडेवरची आमची जुनी पायवाट यंदा गेली. खाली ओढा, मग करवंदाच्या जाळीतनं नागमोडी चढ, वर सपाटीला गवत. सप्टेंबरात तिथं सोनकी आणि तेरडा असा फुलतो की पळताना पाय कुठं टाकावा कळत नाही. आता तिथं सिमेंटचे खांब आहेत आणि खांबांना काटेरी तारेच्या पाच ओळी. वाट जिथनं वर शिरायची, नेमकी तिथंच जेसीबीनं चर मारलीय, कंबरेएवढी खोल. चरीतला मुरूम उचलून वाटेवरच ढीग घातलाय. तारेच्या खालच्या ओळीला लुगड्याच्या चिंध्या लटकत होत्या. कुणीतरी खालनं सरपटत जायचा प्रयत्न केलेला, दुसरं काय?

राखणदार बिचारा चांगला माणूस. म्हणाला, "दादा, मला बोलून काय उपेग? मालक पुण्यात असत्यात. फार्महौसचं प्लॉट पाडल्यात, कुणाला सोडायचं न्हाई म्हणून सांगितलंय." त्याच्यावर काय ओरडायचं? त्याच वाटेनं त्याची बायको वर गवताला जायची. आता तीही डोंगराला वळसा घालून जाते, डोक्यावर भारा घेऊन.

आणि सल्ला देणारे तयारच असतात. "रोडनं पळा की!" कुठल्या रोडनं? रत्नागिरीच्या महामार्गावर पहाटे साडेपाचला एकदा उभं राहून बघा. हंगाम सुरू झाला की ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. टेप मात्र एवढ्या मोठ्यानं लावलेला की मागनं कोण हॉर्न देतंय ते चालवणाऱ्याला ऐकू येत नाही. त्याला ओव्हरटेक करायला मागची गाडी आपल्या अंगावर येते. साइडपट्टीवर उतरावं तर तिथं खडी, नाहीतर उकरून ठेवलेला खड्डा. ह्या रस्त्यावर जीव मुठीत धरून पळायचं, आणि पुन्हा डांबरावर आपटून गुडघ्यांचं वाटोळं करून घ्यायचं ते वेगळंच.

माझं एक वेळ सोडा, मी हौसेनं पळणारा माणूस. पण भरतीची पोरं? ह्या पट्ट्यातल्या गावागावांत पोरं-पोरी पोलीस भरतीची, सैन्याची तयारी करतात. पोलीस भरतीला पोरांना 1600 मीटर, पोरींना 800 मीटर. सेकंदा-सेकंदावर मार्क कापले जातात. ना ट्रॅक, ना मैदान. डोंगराच्या चढावर पळून दम वाढवायचा एवढंच त्यांच्या हातात होतं. तीही वाट बंद झाल्यावर ही पोरं अंधारात हायवेच्या कडेनं पळतात, काळ्या ट्रॅकसूटमध्ये, समोरच्या ड्रायव्हरला दिसतसुद्धा नाहीत. उद्या एखादं पोरगं गाडीखाली आलं की सगळे चौकात बोर्ड लावणार, भावपूर्ण श्रद्धांजली. डोंगरातली वाट कुणी बंद केली, हे त्या बोर्डावर लिहिणार आहात का?

बरं, वाट म्हणजे कुणाच्या मेहेरबानीची गोष्ट नाही. गावाचा नकाशा काढून बघा. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. आपल्या आज्या-पणज्यांच्या आधीपासून ह्या रेघा कागदावर आहेत. आणि कायदाही आहे. 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम 5. शेताकडं जाणारा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तो अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. पण दावा करायचा तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. इथंच सगळी गोम आहे. गावातली माणसं म्हणतात, "बघू, मालक आला की बोलू." मालक येतच नाही. त्याचा फोन लागत नाही. दिवाळी जाते, जत्रा जाते, सहा महिने होऊन जातात आणि मग तारेवर वेल चढतो. ह्याच्यावरच तर ह्या लोकांचा सगळा धंदा चाललाय!

एका सरकारी कार्यालयात जाऊन विचारलं तर उलट मलाच प्रश्न, "तुमची जमीन आहे का तिथं?" नाही. "मग तुमचा काय संबंध?" मी नकाशा दाखवला, पळताना मोबाइलवर नोंदलेली जुन्या वाटेची रेघ दाखवली. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अर्ज ठेवून जा म्हणाले. अर्जाची पोच मागितली तर चेहरा असा केला की मीच काहीतरी गुन्हा केलाय.

प्लॉटवाल्यांची बाजूही मी ऐकलीय. लोक येतात, दारू पितात, बाटल्या फोडतात, प्लास्टिक टाकतात. खरं आहे. गिरोलीच्या बाजूला पळताना बुटाच्या तळव्यात घुसलेली काच मी स्वतः काढलीय. असल्यांना धरा, दंड करा, गाड्या जप्त करा, मी साक्ष द्यायला येतो. पण दारू पिणारा गाडीनं येतो, गाडी लागते तिथंच बसतो. तो चारशे मीटर चढून वर कशाला येईल? तार कुणाला आडवी आली? गवत आणणाऱ्या बाईला, शेरडं राखणाऱ्या म्हाताऱ्याला, भरतीच्या पोराला. फेब्रुवारी-मार्चात वणवा लागतो तेव्हा ओले डहाळे घेऊन आग झोडपायला खालची पोरं ह्याच वाटेनं पळत वर जातात. आता आग लागली की चर उतरून, तार ओलांडून जायचं का? तोवर अख्खी सोंड काळी होईल.

आणि आपण कुठं राहतो ह्याची तरी जाण ठेवा. 1660 च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून पन्हाळ्यावरनं विशाळगडाकडं निघाले ते असल्याच वाटांनी, मसाईच्या पठारावरनं, रात्री, चिखलातनं. दर पावसाळ्यात हजारो माणसं त्या वाटेनं पावनखिंडीपर्यंत चालतात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला वडणगे, निगवे, कुशिरे करत भाविक पायी गायमुखाकडं चढतात. 2021 च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला, गाड्या बंद झाल्या, तेव्हा माणसांना पायांचाच आधार होता. आणि ज्या फार्महाऊसच्या जाहिरातीत "ऐतिहासिक परिसरात आपलं हक्काचं घर" असं छापतात, त्याच फार्महाऊसची तार त्या परिसरातल्या वाटेचा गळा दाबते. लाज कशी वाटत नाही?

मागणी फार मोठी नाही. तार घाला, जमीन तुमची आहे. पण वाट जिथनं जाते तिथं माणूस भाऱ्यासकट जाईल एवढी जागा सोडा आणि ती चर बुजवा. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतल्या पायमार्गांची यादी नकाशावरनं काढून चावडीवर लावावी, प्लॉटचा व्यवहार व्हायच्या आधी घेणाऱ्याला ती दाखवावी. ज्यांची वर शेतं आहेत त्यांनी मालकाच्या फोनची वाट बघत बसू नये, सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडं दावा टाकावा. कागद गोळा करायला, नकाशाची नक्कल काढायला, तारखेला हजर राहायला आम्ही पळणारी सगळी माणसं येतो. पहाटे उठायची आम्हाला सवय आहे.